आधीचं कार्ड बंद

ट्रिगर या प्रकाराचा मला पहिल्यापासून राग आहे. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेटाबेस म्हणजे एकमेकांना जोडलेले तक्ते. तक्त्यात नवी ओळ पडली की तिच्या मागोमाग आपोआप काहीतरी करून टाकणारी आज्ञा आधीच लिहून ठेवता येते. तिला ट्रिगर म्हणतात. आपण एक ओळ भरतो, आपल्याला तेवढीच दिसते, आणि तिच्यामुळे पाठीमागे काय काय हललं ते कोणी सांगत नाही. एखाद्या घरात न विचारता दुसऱ्याची कामं उरकून टाकणारा माणूस असतो ना, आणि उरकल्याचं सांगतही नाही, तसला हा प्रकार. लिहिणारा लिहितो, नोकरी सोडून पुण्याला निघून जातो, आणि ट्रिगर आपला इकडे चालूच राहतो.

मी यवतमाळात जुनी सॉफ्टवेअरं सांभाळतो. नवं करायला लोक नागपूर-पुण्याकडे बघतात. जुनं झालं, करणारे फोन उचलेनासे झाले, की मला बोलावतात. एका कापसाच्या जिनिंगचं, एका कॉलेजच्या लायब्ररीचं आणि एका धर्मादाय दवाखान्याचं काम माझ्याकडे आहे. लोकांच्या लेखी मी कॉम्प्युटर रिपेअरवाला. चहाच्या टपरीवर सुद्धा कोणीतरी बंद पडलेला प्रिंटर माझ्या पुढ्यात आणून ठेवतो. माझा मोठा भाऊ मात्र गावात सांगायचा, "माहा भाऊ दवाखान्याचा सारा कॉम्प्युटर चालवते." चालवत वगैरे काही नव्हतो. पण तो सांगायचा आणि मी ऐकून घ्यायचो.

दादा माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा. कागदावर मात्र आम्ही एकाच दिवशी जन्मलो. त्याचं असं झालं की दादाला शाळेत घालायचं राहूनच गेलं. माय म्हणायची पुढच्या वर्षी, बाबा म्हणायचे पुढच्या वर्षी. शेवटी मीच शाळेच्या वयाचा झालो तेव्हा बाबांनी दोघांनाही एकदमच गुरुजींपुढे उभं केलं. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? बाबा म्हणाले, मोठा पोळ्याच्या आसपासचा, लहाना तुरीच्या सवंगणीतला, म्हणजे कापणीच्या दिवसांतला. गुरुजींनी दोघांच्याही नावापुढे जूनची एक तारीख टाकली, आणि सालही एकच. आमच्याकडे माझ्या वयाच्या अर्ध्या लोकांचा जन्म जूनच्या एक तारखेचा आहे. तसं केलं की पोरगं पहिलीत बरोबर बसतं, गुरुजींचा हिशेब सोपा होतो. पुढे आधार कार्ड आलं, मतदान कार्ड आलं, सगळ्यांनी गुरुजींचंच खरं धरलं. वर्गात पोरं आम्हाला जुळे म्हणून चिडवायची आणि दादा खवळायचा. "मी मोठा हावो," म्हणायचा. "पाहून घे, चांगला बोटभर उंच हावो."

दादा आमच्या गावात नळयोजनेचा व्हॉल्व्ह सोडायचा. बाभुळगावच्या अलीकडे फाट्यावरून आत आमचं गाव. थोडी वावरंही होती, पण त्याचा खरा जीव त्या टाकीत. सकाळी कोणत्या आळीला आधी पाणी, उन्हाळ्यात कोणाला किती वेळ, कोणाची बाई नळाला मोटर लावते, सगळं त्याच्या डोक्यात. लोक त्याच्याशी भांडायचे आणि त्याच्याशिवाय चालायचंही नाही. एक दिवस पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. तेव्हापासून त्याला पाणी मोजून. साऱ्या गावाला पाणी सोडणारा माणूस दिवसभरात पेलाभर पाण्यावर राहायचा, तोंड सुकलं की ओठांवरून ओला रुमाल फिरवायचा. मी गेलो की म्हणायचा, "तुले सांगतो, भुकेचं काही नाही. तहान लय बेक्कार."

आठवड्यातून दोनदा तो एसटीने यवतमाळला यायचा. मी ज्या धर्मादाय दवाखान्याचं सॉफ्टवेअर बघतो तिथेच त्याला डायलिसिसची पाळी मिळाली होती. मशिनी थोड्या, माणसं फार, त्यामुळे तिथे वेटिंगची यादी कायमची. दोन ठिकाणी चौकशी केली होती, तिथेही यादीच. पाळी मिळणं म्हणजे एसटीत सीट मिळण्यासारखं नव्हतं. आधीचा माणूस बरा झाला किंवा गेला तरच नवा माणूस आत. बरा कोणी होत नसे. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दादाच्या कार्डावर मोबाईल नंबर माझा दिला होता. दवाखान्याचे निरोप मला यावेत, त्याला त्यातलं काही वाचायला नको, एवढाच हेतू.

किडनी द्यायची मी ठरवली तेव्हा फार विचार केला नाही. बायको दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "देत असाल तर लवकर द्या, ते सुकून राह्यले." दादा ऐकायलाच तयार नव्हता. "कायले बाप्पा? तुह्ये लेकरं लहान हायेत." मग एका संध्याकाळी मी त्याच्या टाकीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, तू मोठा आहेस, शाळेत माझ्यासाठी दोन वर्षं थांबला होतास, तेवढं समज. तो हसला. रडलाही. डोळे पुसून म्हणाला, "थांबलो नोयतो रे, मले कोणी टाकलंच नाही." पण नंतर हो म्हणाला.

नागपूरला तपासण्या व्हायच्या होत्या, त्याआधी रक्ताच्या साध्या तपासण्या आमच्या दवाखान्यात करून घ्या म्हणाले. त्यासाठी माझं कार्ड काढावं लागलं. काउंटरवरच्या पोरीने मला ओळखलं, "सर, तुमचंही कार्ड?" म्हणून हसली, आणि माहिती भरली. आडनाव, गाव, जन्मतारीख, मोबाईल. कार्ड निघालं. मी रक्त दिलं आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला निघून गेलो. मावसभावाकडे मुक्काम. रोज एक तपासणी, रोज एक रांग.

इकडे दादा त्याच्या पाळीला दवाखान्यात गेला. नेहमीचा टेक्निशियन सुट्टीवर होता, बदली माणूस होता. त्याने कॉम्प्युटरमधून काढलेली दिवसाची यादी बघितली आणि म्हणाला, "काका, तुमचं नाव दिसून नाही राह्यलं. कार्डच बंद दाखवते." दुसरा कोणी असता तर तिथे आरडाओरडा केला असता, मला फोन लावायला लावला असता. दादाने विचारलं, "बंद म्हणजे खतम?" तो म्हणाला, "हो काका, बंद." दादा उठला आणि फाट्याची एसटी धरून घरी आला. त्याच्या मनाने त्याने त्या शब्दाचा असा अर्थ लावला की भावाचं कार्ड निघालं, आता भाऊ किडनी देणार, म्हणून दवाखान्याने आपलं डायलिसिस बंद केलं. मोठ्या दवाखान्यांचं सगळं आतून ठरलेलं असतं, आपल्याला शेवटी सांगतात, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. पंचायतीत, शाळेत, बँकेत त्याने हेच बघितलेलं. आणि त्यात भाऊच तो कॉम्प्युटर चालवणारा. त्याला शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

नागपूरला डॉक्टरांनी जुळल्याचं सांगितलं तेव्हा मी जिन्यातच उभं राहून वहिनीच्या फोनवर फोन लावला. दादाच बोलला. मी म्हणालो, "दादा, जुळलं रे!"

तो म्हणाला, "मले माहीत हाये."

"तुले कोणं सांगतलं?"

"आता कायले लपवतं? माह्यं डायलिसिस बंद झालं न. गेलतो मी, तर तो म्हणे कार्ड बंद. मंग दुसऱ्या पाळीले गेलोच नाही. घरीच हावो." त्याचा आवाज भरलेला होता, तो मला आनंदाने भरलेला वाटला. "आन् सांगू का, आज पाणी पेलो. तांब्याभर. माठातलं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली हे लिहायला सोपं आहे. त्या वेळी मी फक्त ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. वहिनीने फोन घेतला, मी तिला म्हणालो, आत्ताच्या आत्ता गाडी करा आणि यवतमाळला न्या. ती घाबरून म्हणाली, "काहून भाऊजी? चांगले हायेत न, सकाळी संत्रं खाल्लं, वरण खाल्लं. जरासा दम लागून राह्यला, बस." दोन पाळ्या हुकलेल्या, अंगात साठलेलं पाणी, त्यावर किडनीच्या माणसाला मनाई असलेलं संत्रं, त्यावर तांब्या. मी बसस्टँडकडे पळालो.

मी यवतमाळला पोचलो तोवर त्याला आणलेलं होतं. सगळ्या मशिनी चालू होत्या. त्याच्या मशीनवर महागावची एक बाई होती. ती कित्येक महिने यादीत होती. दादाची पाळी सुटल्यावर तिचा नंबर लागला होता. तिच्या घरच्यांनी त्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले होते म्हणे. दादाला स्ट्रेचरवरच घाईघाईने सुया लावणं चालू होतं, कोणीतरी ऑक्सिजन ओढत आणत होतं. त्या बाईला कळलं तेव्हा तीच म्हणाली, "माह्यं काढा, माह्यं मंग लावा. त्यायचं लावा आधी." तिला काढलं आणि दादाला लावलं. तो मला बघून हात हलवू लागला. मी वाकलो. त्याने सांगितलं, "पोटभर पेलो रे." तक्रार नव्हती, कबुलीही नव्हती. चांगलं काहीतरी झालं होतं ते त्याला सांगायचं होतं. त्यानंतर थोड्याच वेळात त्याचं हृदय थांबलं, आणि पुन्हा चालू करायचा त्यांनी केलेला सगळा प्रयत्न मी दाराच्या काचेतून बघितला.

तेराव्यानंतर मी दवाखान्यात जाऊन बसलो. मला माणूस हवा होता. कोणाचं तरी नाव घेऊन शिव्या द्यायच्या होत्या, गचांडी धरायची होती. काउंटरवरच्या पोरीने माझी माहिती बरोबर भरली होती. बदली टेक्निशियनने यादीत होतं तेच वाचलं होतं. महागावच्या बाईचा तर प्रश्नच नव्हता. मग मी तक्ते उघडले, आणि रुग्णांच्या तक्त्यावर लटकलेला तो ट्रिगर सापडला. माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेला. मी त्या दवाखान्याची बिलं दुरुस्त केली होती, रिपोर्ट केले होते, पण तिथे ट्रिगर आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने स्वतः कधी आवाज केला नव्हता. नवं कार्ड निघालं किंवा बंद कार्ड पुन्हा चालू केलं, की तो बघायचा: ह्याच आडनावाचं, ह्याच गावचं, ह्याच जन्मतारखेचं, ह्याच मोबाईलचं दुसरं कार्ड चालू आहे का? असेल तर ते बंद. शेरा, डुप्लिकेट. त्याच्या मोबाईलवर निरोप नाही. त्याच्या पुढच्या पाळ्या मोकळ्या. मोकळ्या पाळीवर वेटिंगमधलं पहिलं नाव.

माणसाचं स्वतःचं नाव जुळतं का, हे तो बघतच नव्हता. ह्यावर मी टेबलावर मूठ आपटली आणि चहावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे बघायला लागले. पण दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा तोही राग गळून पडला. पूर्वी लोक कार्ड हरवायचे आणि नवं काढायचे. एकदा घरचं नाव सांगायचे, एकदा शाळेतलं. एकाच माणसाच्या नावावर दोन पाळ्या अडकायच्या, मशीन मोकळी राहायची आणि बाहेर माणूस मरायचा. तसा एक जण गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवाल्याकडून हे करून घेतलं होतं. म्हणजे हा ट्रिगर कोणाला तरी वाचवायलाच लिहिलेला होता. लिहिणाऱ्याला एवढंच माहीत नव्हतं की आमच्याकडे सख्खे भाऊ एकाच दिवशी जन्मतात, सख्ख्या जावाही जन्मतात, साऱ्या तांड्यावर एक आडनाव, एक तारीख आणि एका शिकलेल्या पोराचा एक मोबाईल असतो. बंद झालेल्या कार्डांची यादी मी काढली. जूनची एक तारीख, जूनची एक तारीख, खाली खाली तेच. त्यातले खरे डुप्लिकेट किती आणि दादासारखे किती, हे आता कोण सांगणार होतं? मी यादी बंद केली.

व्यवस्थापक म्हणाले, "काढूनच टाका हो तो ट्रिगर." मलाही तेच करावंसं वाटत होतं, मुळापासून उपटून फेकावंसं. पण काढला असता तर दुहेरी कार्डं परत सुरू, मशीन परत मोकळी. मग आहे तोच बदलायचा. आणि असलेला ट्रिगर बदलायचा म्हणजे त्याची एक ओळ खोडून दुसरी लिहिता येत नाही. बदल एका ओळीचा असला तरी सगळा मजकूर पुन्हा द्यावा लागतो, पहिल्या शब्दापासून, तेव्हा जुना जाऊन त्याच नावाने नवा बसतो. मी तो मजकूर उचलून चिकटवू शकलो असतो. नाही चिकटवला. एकेक ओळ बघून टाइप केली. आडनाव जुळत असेल तर. गाव जुळत असेल तर. जन्मतारीख जुळत असेल तर. माझ्या भावाला ज्या क्रमाने पुसलं त्याच क्रमाने मी ते सगळं माझ्या बोटांनी लिहिलं. फक्त जिथे 'बंद' होतं तिथे लिहिलं की बंद करू नको, काउंटरवर दाखव, माणसाला ठरवू दे. तेवढाच फरक. मला राग करायलाही आता कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. रागाला धरून माणूस उभा तरी राहतो.

ते काम मी चालू डेटावर लगेच केलं नाही. त्याची नक्कल काढून तिच्यावर आधी जुनाच ट्रिगर तपासला. मी दादाचं बंद कार्ड चालू केलं. ट्रिगर चालला, आणि माझं कार्ड बंद झालं. शेरा, डुप्लिकेट. मी त्या ओळीकडे बघत बसलो. खरं सांगतो, मला ते चाललं असतं.

चालू डेटावर बदल केला त्या दिवशी वहिनी आली होती. दवाखान्याचा मृत्यूचा कागद तिला हवा होता, आणि तो निघत नव्हता. बंद कार्डावर मृत्यूची नोंद करता येत नाही, अशी त्या सॉफ्टवेअरची रीत. दादा मेल्याचं लिहायला आधी दादाचं कार्ड चालू करावं लागत होतं. नोंद करणारी पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, उठ, मी करतो. वहिनी मागच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. एकाचं कार्ड चालू झालं की दुसऱ्याचं बंद व्हायचं, एवढं मी तिला आधीच सांगितलं होतं.

मी नवा ट्रिगर बसवला. मग दादाचं कार्ड चालू केलं. पडद्यावर एक खिडकी आली: अशीच माहिती असलेलं आणखी एक कार्ड आहे, ही दोन वेगळी माणसं आहेत का? मी 'हो' दाबलं. दोन्ही ओळी एकाखाली एक दिसल्या. आडनाव तेच, गाव तेच, तारीख तीच, नंबर तोच. त्याची वर, माझी खाली. दोन्हींपुढे 'चालू'. बदल बरोबर झाला होता. इतकं बरोबर काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि ते काय कामाचं होतं? मी पोरीला चहा सांगायला पाठवलं. चहा आला, निवला, मी प्यालो नाही. मग मी वरच्या ओळीवर गेलो आणि नोंद केली. प्रिंटरने कागद काढला.

वहिनीने कागद घेतला, उलटसुलट करून बघितला. तिला वाचता येतं, पण सावकाश. कागदाची घडी करून पिशवीत ठेवता ठेवता तिने पडद्याकडे बघितलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "यायचं केलं म्हून तुमचं तं बंद नाही न झालं?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "माह्यं चालू हाये."